रानपिंगळ्याचे शास्त्रीय नाव बिनचूक लिहायचे तर: आधी पक्षी, मग यादी, मग नाव

पक्षीनोंदी तपासायला बसले की एकट्या रानपिंगळ्याची, म्हणजे एका छोट्या घुबडाची, चार-पाच नावे समोर येतात. कुणी हेटेरोग्लॉक्स ब्लेविट्टी लिहितो, कुणी अथेनी ब्लेविट्टी. कुणी नाव देणाऱ्या ह्यूमचे नाव कंसात घालतो, कुणी कंसाबाहेर ठेवतो, कुणी नुसते वर्षच कंसात टाकतो. वर्ष कधी १८७२ असते, कधी १८७३, आणि एका नोंदीत तर १९९७ होते. सोबतचा फोटो बऱ्याचदा जंगली पिंगळ्याचा निघतो, ते वेगळेच.

यातल्या बहुतेक चुका क्रम उलटा लागल्यामुळे होतात. जुन्या पुस्तकातले किंवा मोबाइलवर पहिले दिसलेले नाव आधी उतरवले जाते आणि बाकीची माहिती मागाहून त्याला जोडली जाते. हा क्रम सरळ केला की निम्म्या चुका आपोआप जातात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शास्त्रीय नाव नियमाने रोमन लिपीतच लिहावे लागते. या लेखात मी उच्चार देवनागरीत देत आहे. तुमच्या नोंदवहीत, फलकावर, अहवालात ते रोमन अक्षरांतच हवे. जिथे स्पेलिंग चुकते तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

## तयारी: दोन शब्द आणि सात रकाने

'जाती' आणि 'प्रजाती' हे दोन शब्द आधी पक्के करा. मराठी शास्त्रीय लेखनात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, म्हणजे जातींचा वरचा गट. हिंदीत मात्र प्रजाती म्हणजेच स्पीशीज. हिंदीतला तो अर्थ बातम्यांमधून मराठीत शिरला आणि आता 'पक्ष्यांच्या दोनशे प्रजाती दिसल्या' असे सर्रास छापून येते. बोलण्यात ते चालून जाईल, पण वर्गीकरणाची नोंद करताना एकाने एक अर्थ घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर अख्खा तक्ता बिघडतो. या लेखात प्रजाती म्हणजे जीनसच.

मग वहीत किंवा एक्सेलमध्ये सात रकाने आखा: मराठी नाव, प्रजाती, जाती, नामकर्ता, वर्ष, कंस आहे की नाही, आणि वापरलेली यादी तिच्या आवृत्तीसह. नाव एका रकान्यात सलग लिहिले की चूक त्यात दडून राहते. तुकडे केले की लगेच दिसते.

इशारा: प्रजातीचा रकाना टप्पा ४ पर्यंत रिकामा ठेवा. तो आधीच भरायचा मोह होतो.

## टप्पा १: पक्षी ठरवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. रानपिंगळा, पिंगळा आणि जंगली पिंगळा असे तीन छोटे घुबड आपल्याकडे एकमेकांच्या नावाखाली खपतात. यात मराठी नावांचाही दोष आहे. रान काय आणि जंगल काय, ऐकणाऱ्याला एकच वाटते, म्हणून 'जंगली पिंगळा' सांगितलेला पक्षी नोंदीत 'रानपिंगळा' होऊन बसतो. जंगली पिंगळा बऱ्याच झाडीच्या भागांत भेटणारा आहे, तर रानपिंगळा मध्य भारतातल्या मोजक्या पानझडी जंगलांपुरता. तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा अशी त्याची ठिकाणे बोटांवर मोजता येतात.

फोटो मोठा करा आणि या क्रमाने पाहा.

डोके: पिंगळ्याच्या कपाळावर आणि डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. जंगली पिंगळ्याच्या गोल डोक्यावर बारीक आडव्या रेघा दाटीने असतात. रानपिंगळ्याचे डोके गडद राखाडी-तपकिरी, जवळजवळ सपाट. ठिपके असले तरी इतके पुसट की शोधावे लागतात.

पोट: रानपिंगळ्याचे पोट मधोमध स्वच्छ पांढरे असते. छातीवर तपकिरी पट्टा आणि कुशीला आडवे पट्टे, पण मध्यभाग कोरा. जंगली पिंगळ्याच्या अंगावर मात्र जवळपास सगळीकडे रेघा.

पंख आणि शेपटी: रानपिंगळ्याचे पट्टे रुंद आणि ठळक.

पाय: रानपिंगळ्याचे पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात, पायात लोकरीचे मोजे घातल्यासारखे. चोच आणि नख्याही अंगाच्या मानाने दणकट. हा पक्षी दिवसा वावरतो आणि निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघड बसतो, म्हणून पाय दिसणारा फोटो मिळणे अवघड नाही. माझा अनुभव असा की डोक्यावर वाद झाला तर निकाल पायांवर लागतो.

तपासा: चारपैकी तीन खुणा स्पष्ट दिसतात का? दिसत नसतील तर जातीपर्यंत जाऊ नका. शंका पिंगळा की रानपिंगळा अशी असेल तर दोघेही आज अथेनी प्रजातीत आहेत, तेव्हा 'अथेनी एसपी.', म्हणजे अथेनीतली न ठरलेली जाती, असे लिहिता येते. शंका जंगली पिंगळा की रानपिंगळा अशी असेल तर प्रजातीच वेगळ्या. मग कुळापाशी, म्हणजे स्ट्रिजिडीपाशी थांबायचे. अपुरी पण खरी नोंद कामाची असते. पूर्ण पण खोटी नोंद नकाशावर चुकीचा ठिपका पाडते आणि तो पुसायला वर्षे लागतात.

इशारा: रानपिंगळाच असेल तर ढोलीची नेमकी जागा सार्वजनिक नोंदीत टाकू नका. तालुका पुरे.

## टप्पा २: एकच यादी निवडा

जगात पक्ष्यांच्या एकाहून अधिक याद्या आहेत. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचे संकेतस्थळ ज्यावर चालते ती क्लेमेंट्स यादी, आयओसी या आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र परिषदेची यादी, बर्डलाइफ या पक्षीसंवर्धन संस्थेची यादी, आणि या सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी २०२५ मध्ये आलेली अ‍ॅव्हीलिस्ट. यातली कोणती श्रेष्ठ यावर वाद घालत बसू नका. तुमच्या गटाने एक निवडावी आणि सगळ्या नोंदी तिच्याप्रमाणे लावाव्यात.

एका यादीतून प्रजाती, दुसरीतून इंग्रजी नाव, तिसरीतून उपजाती असे केले की तक्ता कुठल्याच यादीशी जुळत नाही आणि दुसऱ्या कुणाला तो तपासताही येत नाही. याद्या दरवर्षी बदलतात, म्हणून आवृत्ती किंवा वर्ष लिहिणे सक्तीचे समजा.

## टप्पा ३: मूळ वर्णन शोधा

नाव कुणी, कधी आणि कोणत्या प्रजातीत दिले, हे मूळ वर्णनावरून ठरते. रानपिंगळ्याचे वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली स्वतः काढलेल्या स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात केले. एफ. आर. ब्लेविट यांनी डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळवलेला नमुना ह्यूम यांच्यापुढे होता. त्यांनी प्रजाती नवी केली, हेटेरोग्लॉक्स, म्हणजे 'निराळे घुबड', आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले.

नोंदीतली वर्षे नेमकी इथेच चुकतात.

१८७२ हे नमुना मिळाल्याचे वर्ष. नावात ते येत नाही. नावात येते ते वर्णन छापले गेल्याचे वर्ष, म्हणजे १८७३.

१९९७ हे पक्षी पुन्हा सापडल्याचे वर्ष. त्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. त्याआधी शंभरहून अधिक वर्षे त्याची खात्रीची नोंद नव्हती. शोध कितीही मोठा असला तरी पुनर्शोधाने नामकर्ता किंवा वर्ष बदलत नाही.

नामकर्ता ह्यूम, ब्लेविट नव्हेत. पक्षी ज्याच्या नावाने ओळखला जातो तो माणूस आणि नाव देणारा माणूस यांची गल्लत नेहमी होते.

जुनी नियतकालिके बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत वाचता येतात. मूळ पान एकदा स्वतः डोळ्यांखालून घाला. दुसऱ्या कुणी उतरवलेल्या उताऱ्यावर विसंबू नका.

इशारा: संग्रहालयातल्या नमुन्याची चिठ्ठी म्हणजे पुरावा असे धरून चालू नका. रानपिंगळ्याचा एक नमुना गुजरातमधल्या मांडवीचा, १९१४ सालचा, अशी चिठ्ठी रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात होती. १९९९ मध्ये उघड झाले की तो त्याआधीच्या शतकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला नमुना होता. त्या एका चिठ्ठीमुळे लोकांनी पक्षी चुकीच्या जागी शोधला.

## टप्पा ४: आजची प्रजाती ठरवा

आता तो रिकामा रकाना भरा. मूळ प्रजाती हेटेरोग्लॉक्स होती. मग आज बहुतेक याद्या अथेनी का म्हणतात?

या पक्ष्याला स्वतंत्र प्रजाती द्यावी की पिंगळ्याच्या प्रजातीत बसवावे, हा वाद शंभर वर्षांहून जुना होता. २०१८ मध्ये भारतीय अभ्यासकांच्या एका गटाने डीएनएवरून तपासणी केली, तेव्हा रानपिंगळा अथेनी गटाच्या आतच बसतो असे दिसले. महत्त्व या 'आत'ला आहे. तो गटाबाहेर, शेजारी निघाला असता तर हेटेरोग्लॉक्स ठेवायला हरकत नव्हती. पण चार सख्ख्या भावांपैकी एकाचे नाव दुसऱ्याच घराच्या शिधापत्रिकेवर चढवले तर दोन्ही घरांचा हिशेब चुकतो, तसे ते झाले असते.

नियम आणि निर्णय यांतला फरक इथे समजून घ्या. नावाचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. प्राणी कोणत्या प्रजातीत ठेवायचा हे संहिता सांगत नाही. तो अभ्यासकांचा निर्णय, आणि तो बदलू शकतो. संहिता एवढेच सांगते की तुम्ही अमुक प्रजातीत ठेवलात तर नाव कसे लिहायचे. म्हणून हेटेरोग्लॉक्स लिहिणाऱ्याला 'तुझे नाव बेकायदा आहे' म्हणू नका. त्याची यादी कोणती, ते विचारा.

## टप्पा ५: जातीच्या नावाचे शेपूट तपासा

प्रजाती बदलली की जातीचे नाव तेच राहते, पण त्याचे शेपूट बदलू शकते. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे. लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत, आणि जातीचे नाव विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालते.

चिमणी घ्या. लिनियसने १७५८ मध्ये तिला फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटले. फ्रिंजिला स्त्रीलिंगी. पुढे ती पॅसर या पुल्लिंगी प्रजातीत गेली आणि झाली पॅसर डोमेस्टिकस. जंगली पिंगळा स्ट्रिक्स रेडिएटा होता. ग्लॉसिडियम हे नपुंसकलिंगी नाव आल्यावर रेडिएटम झाला. सर्वांत जास्त चुकतो तो तांबट. जुन्या पुस्तकांत तो मेगालायमा हेमासेफाला आहे, आता सायलोपोगॉन हेमासेफॅलस. लोक प्रजाती बदलतात आणि शेपूट जुनेच ठेवतात, त्यामुळे कुठल्याच काळात नसलेले नाव तयार होते.

ब्लेविट्टीचे मात्र असे होत नाही. ते विशेषण नाही, षष्ठी आहे: ब्लेविट यांचा. मराठीत आपण ब्लेविटचा, ब्लेविटची, ब्लेविटचे असे वस्तूप्रमाणे फिरवतो. लॅटिन षष्ठीत मालकाचे लिंग पाहतात. मालक एक पुरुष म्हणून शेवटी 'आय'. बाई असती तर 'एई' आले असते, जसे एलिझाबेथ गूल्ड यांच्यावरून इथोपायगा गूल्डीई. अनेक जण असते तर 'ओरम': अरुणाचलमधल्या बुगुन लोकांवरून २००६ मध्ये रमणा अथ्रेया यांनी एका पक्ष्याला नाव दिले, लिओसिकला बुगुनोरम.

तपासा: बी, एल, ई, डब्ल्यू, आय, टी, टी, आय. 'टी' दोनदा, शेवटचा 'आय' एकच. बोट ठेवून मोजा. एक 'टी' गाळणे आणि शेवटी दोन 'आय' लावणे या दोन चुका नेहमीच्या आहेत.

आणि नावाचा अर्थ चुकीचा वाटला म्हणून ते सुधारू नका. लालबुड्या बुलबुलाच्या पिक्नोनोटस काफर या नावात दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख आहे. पक्षी मूळचा तिथला नाही. तरी १७६६ पासून जातीचे नाव तेच आहे आणि तेच राहील.

## टप्पा ६: कंस

याची सर्वांना धास्ती असते, आणि नियम तर एका ओळीचा आहे. आजची प्रजाती मूळ वर्णनातलीच असेल तर कंस नाही. बदलली असेल तर नामकर्ता आणि वर्ष दोन्ही एकाच कंसात.

मोर: पॅव्हो क्रिस्टॅटस लिनियस, १७५८. लिनियसनेच त्याला पॅव्होमध्ये ठेवले होते, तो तिथेच आहे. कंस नाही.

चिमणी: पॅसर डोमेस्टिकस (लिनियस, १७५८). प्रजाती बदलली. कंस आला.

रानपिंगळा तुमच्या यादीत हेटेरोग्लॉक्स असेल तर: हेटेरोग्लॉक्स ब्लेविट्टी ह्यूम, १८७३. अथेनी असेल तर: अथेनी ब्लेविट्टी (ह्यूम, १८७३). एकाच पक्ष्याचे हे दोन्ही प्रकार आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती अथेनी लिहून कंस विसरण्यात, किंवा हेटेरोग्लॉक्स लिहून कंस घालण्यात.

'ह्यूम (१८७३)' असे लिहू नका. तो लेखाचा संदर्भ देण्याचा प्रकार आहे, नावाचा नव्हे. आणि ज्याने पक्षी नव्या प्रजातीत हलवला त्याचे नाव शेवटी जोडू नका. ती पद्धत वनस्पतीशास्त्रातली. वनस्पती आणि पक्षी दोन्हींच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडून ही सरमिसळ फार होते.

## टप्पा ७: वरच्या पायऱ्या आणि खालची पायरी

वर्ग एव्हीज, गण स्ट्रिजिफॉर्मिस, कुळ स्ट्रिजिडी. प्राण्यांच्या कुळाचे नाव नेहमी 'इडी' या उच्चाराने संपते, एवढे लक्षात ठेवले की कुळ आणि गण यांची अदलाबदल होत नाही. गव्हाणी घुबड मात्र याच गणात असूनही वेगळ्या, टायटोनिडी कुळात आहे. 'सगळी घुबडे स्ट्रिजिडी' असे एका ओळीत खाली ओढत नेले की ते चुकते.

खाली उपजाती. रानपिंगळ्याला मान्य उपजाती नाहीत. त्यामुळे 'अथेनी ब्लेविट्टी ब्लेविट्टी' असे तिहेरी नाव लिहिणे चूक. साध्या पिंगळ्याला उपजाती आहेत, पण जिथे दोन उपजातींचे प्रदेश भिडतात तिथे फोटोवरून उपजाती ठोकून देऊ नका.

## टप्पा ८: कागदावर उतरवा

प्रजातीचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले, जातीचे सगळे नाव लहान लिपीत, माणसाच्या नावावरून असले तरी. ह्यूम यांच्या काळी व्यक्तीच्या नावावरून केलेले जातीचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करीत. जुन्या पानावरून उतरवताना ते तसेच येते, बदलून घ्या. दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत. हाताने लिहीत असाल तर खाली रेघ. नामकर्ता, वर्ष, कुळ, गण आणि 'एसपी.' सरळ अक्षरांत.

पहिल्यांदा प्रजाती पूर्ण लिहा, नंतर आद्याक्षर चालते. मात्र त्याच लेखात असिओ प्रजातीतले घुबड असेल तर आद्याक्षर 'ए' दोघांचेही. तिथे दोन्ही नावे पूर्णच लिहा.

फलक छपाईला जाण्याआधी शेवटचे प्रूफ मागा. अक्षरजुळणीच्या संगणकाची स्पेलिंग-दुरुस्ती चालू असेल तर ती लॅटिन शब्द परस्पर बदलते. एका वनक्षेत्रातल्या फलकासाठी आम्ही नाव बरोबर पाठवले होते; छापून आले तेव्हा एक 'टी' गायब होता आणि फलक उभाही राहिला होता.

भरलेली ओळ अशी दिसायला हवी:

मराठी नाव: रानपिंगळा
प्रजाती: अथेनी
जाती: ब्लेविट्टी
नामकर्ता: ह्यूम
वर्ष: १८७३
कंस: आहे (मूळ प्रजाती हेटेरोग्लॉक्स)
यादी: तुमची यादी, तिची आवृत्ती

यादीची पुढची आवृत्ती आली की आधी प्रजातीचा रकाना पडताळा. तो बदलला असेल तर जातीचे शेपूट आणि कंस पुन्हा तपासा, मग आवृत्ती बदला. नामकर्ता आणि वर्ष यांना हात लावू नका.